हल्ल्यानंतरचा चौथा महिना

मुंबईत काही विपरीत घडले की सातारा जिल्ह्यात फोन सुरू होतात. जावळी, पाटण, वाई, खटाव या तालुक्यांतल्या असंख्य घरांचे कोणी ना कोणी मुंबईत असते. कोणी माथाडी, कोणी पोलीस, कोणी बेस्टमध्ये, कोणी खासगी नोकरीत. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. तेव्हा मोबाइल लागेनात, आणि आमच्याकडे लोक रात्री उशिरापर्यंत एकमेकांच्या ओसरीवर बसून ‘तुमच्याचा लागला का’ एवढेच विचारत होते. ज्यांचा फोन लागला तेही लगेच उठून घरी गेले नाहीत. ज्याचा लागला नव्हता त्याच्याजवळ ते बसून राहिले. दहशतवादी हल्ल्यानंतर समाज कसा शोक करतो आणि कसा सावरतो याविषयी जगभर जे संशोधन झाले आहे, त्यातला बराचसा भाग त्या ओसरीवर दिसत होता, असे मला आता वाटते. जे तिथे दिसत नव्हते, म्हणजे पुढच्या काही महिन्यांत आणि वर्षांत काय होते, ते या लेखात प्रामुख्याने सांगायचे आहे.

आपल्याकडे मृत्यूनंतरची एक ठरलेली वाट आहे. माणूस गेला की माती होते, त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे किंवा भावकीतले लोक पिठलं-भाकरी आणून घरच्यांना कडू घास खायला लावतात, तिसऱ्या दिवशी सावडायला माणसे जमतात, दहावा-तेरावा होतो, पाहुणे दुखवटा घेऊन येतात. मुसलमान घरांत तिसऱ्या दिवशीची जियारत आणि चाळिसावा असतो, बौद्ध घरांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असते. या रीतींचा धार्मिक अर्थ ज्याचा त्याने लावावा. त्यांचे एक व्यावहारिक काम मात्र सगळीकडे सारखे आहे. ज्या माणसाला पुढे काय करावे ते सुचत नाही त्याच्यासाठी पुढचे पाऊल समाज ठरवून देतो, आणि त्या घराला एकटे सोडायचे नाही याचे जणू वेळापत्रकच आखून देतो.

दहशतवादी हल्ल्यातला मृत्यू ही वाट अनेक ठिकाणी तोडतो. पहिली गोष्ट मृतदेहाची. ओळख पटवणे, शवविच्छेदन, पंचनामा, काही वेळा जनुकीय चाचणी यांत दिवस जातात आणि तोवर घर अधांतरी राहते. माणूस गेला असे म्हणवत नाही आणि असेल असेही म्हणता येत नाही. नंतर मृतदेह येतो तो मंत्री, अधिकारी, कॅमेरे आणि घोषणा यांच्यासह येतो, आणि ज्या अंगणात भावकीने बसायचे तिथे बसायला घरच्यांनाच जागा उरत नाही. सन्मान खरा असतो, लोकांच्या डोळ्यांतले पाणीही खरे असते, परंतु ते दुःख आता त्या घराचे एकट्याचे राहिलेले नसते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेची पातळी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेली, अर्धे शहर पाण्यात होते, आणि ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. त्याआधी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंपाने उद्ध्वस्त केले. पाटण खोऱ्यातले वृद्ध अजूनही ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असा काळ मोजतात. या आपत्तींत शासनाच्या हलगर्जीविषयी राग होता, धरणाच्या विसर्गावरून वाद होते, तरी पाऊस किंवा जमीन यांनी ठरवून आपल्या मुलाला मारले असे कोणत्याही आईला वाटत नव्हते. हल्ल्यात मात्र कोणीतरी योजना आखून, वेळ आणि जागा निवडून अनोळखी माणसांना मारलेले असते. त्यामुळे शोकाबरोबरच माणसांवरचा साधा विश्वासही जखमी होतो. गर्दीची जागा, बेवारस पिशवी, अनोळखी चेहरा यांची भीती बसते. दहशतवाद्याचा हेतूही मृतांच्या संख्येपुरता नसतो. जे जिवंत राहिले त्यांनी घाबरून राहावे आणि एकमेकांकडे संशयाने पाहावे, हे त्याला हवे असते.

तिसरी गोष्ट न्यायालयाची. आजारपणातल्या मृत्यूनंतर तेराव्यापुढे कोणी त्या घराला पुन्हा तपशील विचारत नाही. इथे तपास, खटला, अपील अशी वर्षे जातात आणि प्रत्येक तारखेला बातमी होऊन तो दिवस परत येतो. २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निकालाच्या बरोबर-चूक याविषयी इथे मत देण्याचे कारण नाही. एवढेच लक्षात घ्यावे की ज्यांची माणसे गेली त्यांना १९ वर्षांनंतर पुन्हा ‘मग हे केले कोणी’ या पहिल्या प्रश्नाशी येऊन उभे राहावे लागले.

लाट येते आणि ओसरते

हल्ल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत समाज विलक्षण जवळ येतो, आणि हे सगळीकडे दिसते. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमध्ये रेल्वेगाड्यांत स्फोट झाले, तर दुसऱ्या दिवशी स्पेनभर एक कोटीहून अधिक लोक पावसात रस्त्यावर उतरले. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ७७ जण मारले गेले, त्यांतले ६९ उटया बेटावरच्या युवक शिबिरात. तीनच दिवसांनी ऑस्लोत लाखो लोक हातात गुलाब घेऊन जमले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ २६ जणांची हत्या झाली. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते, आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्याने स्वतःहून बंद पाळला, मशिदींतून निषेध झाला आणि श्रीनगरच्या अनेक वृत्तपत्रांनी पहिले पान काळे छापले.

रँडल कॉलिन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर या लाटेचा आलेख काढण्याचा एक अगदी साधा मार्ग शोधला. घरांवर, मोटारींवर आणि दुकानांवर लावलेले राष्ट्रध्वज त्यांनी महिनोन्महिने मोजले. पहिल्या दोन आठवड्यांत ध्वजांची संख्या शिखरावर पोहोचली, दोन-तीन महिने ती तशीच टिकली, आणि नंतर उतरत जाऊन सहा ते नऊ महिन्यांत जवळपास पूर्वपदाला आली. एकजुटीचा भर साधारण तीन महिने टिकतो, असे त्यांचे म्हणणे. या काळातच सर्वांत जास्त निधी जमतो, घोषणा होतात, स्मारके जाहीर होतात, आणि जो कोणी वेगळा सूर लावेल त्याच्यावर समाज सर्वाधिक रागावतो, असेही त्यांनी नोंदवले आहे.

लोक विसरतात म्हणून त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. उसाला पाणी द्यायचे असते, मुलांच्या परीक्षा असतात, कोणीही कायमचे दुखवट्यात राहू शकत नाही. अडचण अशी आहे की समाजाची लाट ओसरते त्याच सुमारास त्या घरातली बधिरता उतरू लागते. पहिले तीन महिने कागदपत्रे, विधी, भेटीगाठी यांत जातात आणि मन एका यंत्रासारखे चालत असते. चौथ्या महिन्यात दारासमोरच्या चपला कमी होतात, फोन थांबतात, आणि मग संध्याकाळी सहाला घरी येणारा माणूस येणार नाही हे खऱ्या अर्थाने कळते. म्हणजे गर्दी असते तेव्हा तिची गरज थोडी कमी असते, आणि गरज वाढते तेव्हा गर्दी गेलेली असते. या लेखातून एकच गोष्ट कोणाच्या लक्षात राहणार असेल तर ती ही राहावी.

सावरणे म्हणजे काय, आणि काय नाही

संकटानंतर पुन्हा जगण्याच्या वाटेला लागण्याच्या क्षमतेला पुस्तकी मराठीत लवचीकता म्हणतात. आमच्याकडे ‘सावरला’, ‘उभारी धरली’ असे म्हणतात आणि ते शब्द मला अधिक नेमके वाटतात, कारण वाकवलेली फांदी सोडली की होती तशी होते, पण माणूस होता तसा होत नाही. तो वेगळा होऊन उभा राहतो.

याविषयी जॉर्ज बोनानो या मानसशास्त्रज्ञांचे काम महत्त्वाचे आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ सप्टेंबरनंतरच्या सहा महिन्यांत न्यूयॉर्क परिसरातल्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे ६५ टक्के लोकांमध्ये आघाताचे एकही लक्षण नव्हते किंवा फार तर एक लक्षण होते. ज्यांनी हल्ला अगदी जवळून सोसला त्यांच्यात हे प्रमाण पुष्कळ कमी होते, तरी कोणत्याही गटात ते एक-तृतीयांशाच्या खाली गेले नाही. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही एकत्र धरावे लागतात. भयानक प्रसंगातून गेलेला प्रत्येक माणूस मनाने मोडतोच असे नाही, म्हणून प्रत्येकाला रुग्ण समजू नये. आणि जे मोडतात ते संख्येने थोडे नसतात. ते मनाने कच्चे असतात असेही नाही, कारण कोण किती सावरतो हे त्याच्या स्वभावाइतकेच त्याच्या हातात पैसा किती, आधीची दुःखे किती आणि भोवती माणसे किती यांवर अवलंबून असते.

म्हणूनच ‘मुंबई स्पिरिट’ या शब्दाविषयी मला नेहमी अस्वस्थ वाटते. २००६ च्या स्फोटांनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल धावत होत्या आणि भरलेल्या होत्या. २००८ च्या हल्ल्यानंतरही छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून गाड्या लगेच सुटू लागल्या. त्यात धैर्य होतेच, आणि रेल्वेच्या कामगारांनी रात्रभर राबून मार्ग मोकळे केले त्याबद्दल कृतज्ञताच वाटली पाहिजे. परंतु त्या गाडीत बसलेल्या अनेकांना खाडा परवडणारा नव्हता. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या असहायतेला आपण शौर्य म्हणू लागलो की त्याला भीती वाटते हे सांगण्याची सोय राहत नाही, आणि सुरक्षेत काय उणे पडले हे विचारण्याची निकडही कमी होते. सावरलेल्या माणसालाही भीती वाटू शकते आणि रडू येऊ शकते. शोक संपल्यावर सावरणे सुरू होते असा क्रम नसतो, दोन्ही एकाच दिवसात, एकाच घरात चालू असतात.

सातारा जिल्ह्याला हे विशेष समजून घ्यावे लागते, कारण इथे शौर्याची परंपरा मोठी आहे. मिलिटरी अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि आजही त्या गावातून सैन्यात जाणे थांबलेले नाही. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे आधी लष्करात होते, नंतर मुंबई पोलीस दलात सहायक फौजदार झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी हातात केवळ लाठी असताना अजमल कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या झेलल्या, म्हणून तो हल्लेखोर जिवंत हाती लागला. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. सातारा तालुक्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकले, आणि १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी खडतर प्रशिक्षण पूर्ण करून सप्टेंबर २०१७ मध्ये लष्करात अधिकारीपद मिळवले.

या गोष्टी सांगताना माझाही ऊर भरून येतो. मात्र त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की एका वीरपत्नीने गणवेश घातला म्हणून दुसरीने शेतावर बसून रडत राहणे हे कमीपणाचे ठरत नाही. ‘रडू नकोस, तू वीराची आई आहेस’ असे म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु त्या बाईला नेमके त्याच वेळी केवळ आई असण्याची गरज असते.

शोकाची पद्धत ठरवण्याचा हक्क ज्याचा शोक त्याचा असतो, हे २०२५ मध्येही दिसले. पहलगाममध्ये पती गमावलेल्या एका तरुणीने लोकांना आवाहन केले की या घटनेवरून मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा आहे. त्यावर समाजमाध्यमांतून तिच्यावर इतकी घाणेरडी टीका झाली की राष्ट्रीय महिला आयोगाला निषेध करावा लागला. काही दिवसांपूर्वी जिच्यासाठी लोक रडत होते तिनेच लोकांना हवे तसे दुःख केले नाही म्हणून तिला शिक्षा झाली. लाट शिखरावर असताना वेगळा सूर सहन होत नाही, हे कॉलिन्स यांचे निरीक्षण इतके क्रूरपणे खरे ठरेल असे वाटले नव्हते.

भेटायला जाणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवसांत काय करावे याचा जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराच्या नावाने जो मार्ग सांगितला आहे तो तीन शब्दांत मावतो: पाहा, ऐका, जोडा. आधी पाहायचे की माणूस सुरक्षित आहे का, त्याने पाणी प्यायले आहे का, घरातली लहान मुले आणि म्हातारी माणसे कुठे आहेत. तो बोलेल तेवढे ऐकायचे. मग त्याला हवी ती माणसे, दवाखाना, कार्यालय यांच्याशी त्याची गाठ घालून द्यायची. यात मानसशास्त्राची पदवी लागत नाही, आणि आपल्या खेड्यांतल्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत.

एका बाबतीत मात्र आपली रीत आणि आजचे ज्ञान यांत अंतर आहे. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा ‘कसं झालं?’ असे विचारतो आणि त्या बाईला दिवसातून वीस वेळा तोच प्रसंग सांगावा लागतो. पूर्वी असे मानत की लगेच सगळे बोलून घेतले की मन मोकळे होते. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की ताज्या आघातातून गेलेल्या माणसाला प्रसंगाचे तपशील सांगायला लावू नये, त्याचा लाभ होत नाही. त्याला बोलायचे असेल तर ऐकावे, नसेल तर नुसते बसावे. भावकीतल्या एखाद्या समजूतदार माणसाने दारातच उभे राहून येणाऱ्याला काय घडले ते सांगून टाकावे, म्हणजे आतला प्रश्न वाचतो. पत्रकारांसाठीही तोच माणूस बोलणारा असावा.

दूरचित्रवाणीचे तर स्पष्टच सांगितले पाहिजे. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत स्फोट झाले, त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक त्या बातम्या पाहणाऱ्यांत तीव्र ताणाचे प्रमाण प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळले. म्हणजे कराडच्या किंवा विट्याच्या घरात बसून तीच दृश्ये पुनःपुन्हा पाहणारे मूल त्या हल्ल्यात नव्हते, असे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. मुलांना दृश्ये दाखवू नयेत, परंतु खोटेही सांगू नये. ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगितलेले मूल महिनोन्महिने वाट पाहते, आणि सत्य कळल्यावर सांगणाऱ्यावरचा त्याचा विश्वास उडतो. बाबा वारले आहेत, ते परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही आणि तुझ्याजवळ आम्ही आहोत, इतक्या साध्या वाक्यांत सांगता येते.

काही रीती मोडल्या पाहिजेत हेही इथेच म्हणतो. पती गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे हा दुःखावर समाजाने केलेला दुसरा आघात आहे. सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. गाव सावरण्यासाठी काय करू शकते याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, आणि ते आपल्याच शेजारचे आहे.

झोप न येणे, दचकणे, अन्नावरची वासना जाणे, तो प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणे हे पहिल्या काही आठवड्यांत जवळजवळ सगळ्यांना होते. महिन्यानंतरही ते तितकेच तीव्र असेल, माणूस घराबाहेर पडत नसेल, दारू वाढली असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. शोक सहा महिन्यांहून अधिक काळ इतका जड राहिला की रोजचे जगणेच थांबले, तर त्याला जागतिक आजारसूचीत दीर्घकालीन शोकविकार असे नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगावेसे वाटत नाही असे कोणी म्हणाले तर मात्र एक दिवसही थांबू नये. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि मराठीतून बोलता येते.

संशयाचे काय करायचे

हल्ल्यानंतरच्या रात्री कोणत्या गावात काय होईल हे पुष्कळसे त्याआधीच्या वीस वर्षांत ठरलेले असते. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत १९८० पासून गणेशोत्सवात गणपतीची मूर्ती मशिदीत बसते आणि दोन्ही धर्मांचे लोक मिळून उत्सव करतात. त्याच सांगली जिल्ह्याने २००९ मध्ये मिरजेची दंगलही पाहिली आहे. माणसे चांगली किंवा वाईट असतात म्हणून असे फरक पडतात, असे मला वाटत नाही. एकमेकांच्या दारात जाण्याची सवय असली की अफवा आली तर ती तपासायला कोणाला फोन करायचा हे माहीत असते. सवय नसली की अफवा हीच एकमेव बातमी असते. पहलगामनंतर देशात काही ठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या. त्याच दिवसांत काश्मीरमध्ये अडकलेल्या पर्यटकांना स्थानिक लोक आपल्या घरांत आसरा देत होते.

न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली, तेव्हा पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचे नाव कधीही उच्चारणार नाही असे जाहीर केले आणि ज्यांची माणसे गेली त्यांची नावे घ्या असे लोकांना सांगितले. पुढच्या शुक्रवारी मशिदीसमोरच्या मैदानात हजारो बिगरमुस्लिम नागरिक नमाजाच्या वेळी शेजारी उभे राहिले, आणि महिन्याच्या आत शस्त्रकायदा बदलला. सहानुभूतीबरोबर कृतीही झाल्याने त्या शब्दांना वजन आले.

पैसा, कागद आणि वर्षे

घर सावरण्यात पैशाचा वाटा किती मोठा असतो हे बोलायला आपण संकोचतो. दहशतवादी, जातीय किंवा नक्षलवादी हिंसाचारात नागरिकाचा मृत्यू झाला किंवा त्याला कायमचे मोठे अपंगत्व आले तर केंद्र शासनाची एक साहाय्य योजना २००८ पासून आहे, आणि २०१६ मध्ये तिची रक्कम तीन लाखांवरून पाच लाख रुपये झाली. अर्ज जिल्हा प्रशासनामार्फत जातो. राज्य शासन वेगळी मदत जाहीर करते. पहलगामनंतर महाराष्ट्राने राज्यातल्या प्रत्येक मृताच्या कुटुंबाला ५० लाख रुपये जाहीर केले. रेल्वेगाडीत किंवा स्थानकात दहशतवादी कृत्य घडले तर रेल्वे कायद्यानुसार भरपाई देण्याची जबाबदारी रेल्वेची असते, त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आत दावा करावा लागतो, आणि मृत्यूची भरपाई २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. ही एक वर्षाची मुदत शोकात सहज निघून जाते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकील मिळू शकतो. भावकीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने मृत्यूचा दाखला, प्रथम खबर अहवाल, वारस दाखला यांची एक फाइल करून ती सांभाळली, तर त्या घरावर त्याचे फार मोठे उपकार होतात. आलेल्या रकमेवरून सासू-सून, भाऊ-भाऊ यांच्यात तेढ पडू शकते, म्हणून रक्कम कोणाच्या नावावर आणि मुलांसाठी किती ठेवायची हे सुरुवातीलाच लिहून ठरवावे.

चौथ्या महिन्याचा प्रश्न नॉर्वेने कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. तिथे २०११ नंतर ज्या नगरपालिकेच्या हद्दीत शोकाकुल कुटुंब होते तिथे एक ठरावीक संपर्क-व्यक्ती नेमण्यात आली. कुटुंबाने मदत मागण्याची वाट न पाहता तीच किमान वर्षभर स्वतःहून भेटत राहिली, कारण अतिदुःखी माणूस मदत मागायला जात नाही. हे आपल्याकडे अशक्य नाही. आशा सेविका आठवड्याला गावभर फिरते. तिला थोडे प्रशिक्षण दिले आणि त्या घराच्या भेटींच्या तारखा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहून ठेवल्या, तर तिसरा, सहावा, नववा आणि बारावा महिना चुकणार नाही.

त्याच नॉर्वेतून एक अवघड धडाही मिळतो. उटया बेटासमोरच्या किनाऱ्यावरचे रहिवासी त्या दिवशी गोळीबार चालू असताना स्वतःच्या बोटी घेऊन पाण्यात गेले आणि त्यांनी कितीतरी मुले वाचवली. पुढे तिथे राष्ट्रीय स्मारक ठरले तेव्हा याच लोकांनी विरोध केला, कारण रोज खिडकीतून तोच दिवस पाहणे त्यांना सोसवत नव्हते. मृतांच्या पालकांना स्मारक हवे होते. दोन्ही बाजू दुःखी होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. आधीचा आराखडा रद्द झाला आणि स्मारक २०२२ मध्ये, अकरा वर्षांनी उभे राहिले. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत १९९५ च्या स्फोटात १६८ जण गेले. तिथे मृतांचे नातेवाईक आणि वाचलेले यांना आधीपासून सोबत घेऊन १६८ रिकाम्या खुर्च्यांचे स्मारक पाच वर्षांत झाले, आणि लोकांनी उत्स्फूर्तपणे खेळणी व पत्रे अडकवलेले साधे तारेचे कुंपणही त्यात जपून ठेवले.

केडंबे येथे ओंबळे यांच्या स्मारकासाठी राज्य शासनाने निधी मंजूर केला तो २०२५ मध्ये. दरवर्षी २६ नोव्हेंबर येतो, दूरचित्रवाणीवर तीच जळती खिडकी दिसते, शाळांत भाषणे होतात. अशा तारखेच्या आधीच्या आठवड्यात कोणत्याही गावाने करायचे काम लहान आहे: त्या घरी जाऊन विचारायचे की कार्यक्रम हवा का, भाषण कोणी करावे, आणि फोटो कोणता लावायचा. एखाद्या घराला वर्दीतला फोटो हवा असेल, एखाद्याला बैलजोडीबरोबरचा. आणि एखाद्या घराला त्या दिवशी कार्यक्रमच नको असेल, तर बॅनर उतरवून चार माणसांनी संध्याकाळी ओसरीवर जाऊन बसावे.